मूल का दगावते?

आपल्याकडे मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवीची पूजा करतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत आहे. तिने एकदा लिहिले की ते कोणाला वाचता येत नाही आणि कोणाला पुसताही येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी एक तरी वर्षाच्या आत जात असे. तेव्हा ही समजूत आईबापांच्या मनाला थोडाफार आधार देतही असेल. मूल गेले ते कोणाच्या हयगयीने गेले नाही, त्याच्या कपाळीच तसे होते, असे म्हटले म्हणजे शोक निदान सोसण्याजोगा होतो.

परंतु शास्त्राला असे म्हणून भागत नाही. मूल का दगावले, आणि त्याच खोलीतील, त्याच रोगाचे, त्याच वयाचे दुसरे मूल का वाचले, हा प्रश्न शास्त्राला विचारावाच लागतो. आजच्या मोठ्या रुग्णालयांतून मुलांसाठी जे अतिदक्षता विभाग असतात, तेथे प्रत्येक खाटेपाशी एक तक्ता असतो. त्यावर नाडी, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि रक्तातील वायू यांचे आकडे तासातासाला मांडले जातात. या आकड्यांवरून मुलाला मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे हेही एक प्रकारचे भविष्यच झाले. फरक एवढाच की हे वाचता येते, आणि पुष्कळदा पुसताही येते. ते वाचायला माणूस कसा शिकला, वाचताना कोठे चुकला आणि त्यातून काय समजले, याचा इतिहास अवघ्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचा आहे. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे झाला. त्या उन्हाळ्यात शहरात पोलिओची, म्हणजे बालपक्षाघाताची, भयंकर साथ आली. पोलिओचे विषाणू स्नायू हलविणाऱ्या मज्जापेशींचा नाश करतात. हातपाय लुळे पडले तर मूल पांगळे होते, पण जगते. श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडले तर मात्र ते आपल्याच लाळेत गुदमरते. साथीचे सगळे रोगी शहरातील ब्लेग्डाम रुग्णालयात येत. तेथे मुख्य वैद्य डॉ. लासेन हे होते. त्यांच्यापाशी रोग्याला मानेपर्यंत आत ठेवून श्वास चालविणारी लोखंडी पेटी एकच होती, आणि छातीवर बसविण्याची लहान यंत्रे सहा. श्वास बंद पडत चाललेले ३१ रोगी पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ठेवले गेले. त्यांतले २७ दगावले. बहुतेक मुलेच होती. आणि रोज नवे रोगी येतच होते.

आता ही मुले का दगावत होती? साथीच्या डॉक्टरांचे उत्तर ठरलेले होते. मरण्यापूर्वी रोग्याला ताप चढे, दरदरून घाम येई, रक्तदाब वाढे आणि ग्लानी येई. त्यावरून विषाणू मेंदूत शिरला, आता इलाज नाही, असे ते समजत. रक्त तपासले तर त्यात कर्बवायूपासून, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून, बनलेले क्षार फार वाढलेले दिसत. त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा लावला जाई. आकडा बरोबर होता. त्याचा अर्थ मात्र उलटा लावला गेला होता.

लासेन यांचे एक तरुण सहकारी डॉ. ब्यर्नेबो यांना आपल्या ओळखीच्या एका भूलतज्ज्ञाची आठवण झाली. या दोघांनी त्याआधी धनुर्वात झालेल्या एका अर्भकावर मिळून उपचार केले होते. या भूलतज्ज्ञाचे नाव ब्यर्न इब्सेन. शस्त्रक्रियेच्या खोलीत रोग्याला गुंगी देऊन, स्नायू सैल करून, त्याचा श्वास आपल्या हाताने रबरी पिशवी दाबून चालविणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. २५ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांना सल्ल्यासाठी बोलाविण्यात आले. त्यांनी दगावलेल्या रोग्यांच्या शवविच्छेदनाचे अहवाल वाचले, तेव्हा फुप्फुसे मरण यावे इतकी बिघडलेली त्यांना दिसली नाहीत. ताप, घाम, वाढता रक्तदाब ही लक्षणे त्यांच्या ओळखीची होती. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा श्वास अपुरा पडला आणि कर्बवायू शरीरात साठला की हेच घडते. इब्सेन यांनी सांगितले की, मेंदूत शिरलेल्या विषाणूने ही मुले मरत नाहीत, श्वास पुरेसा होत नाही म्हणून मरत आहेत. रक्तातले क्षार वाढले आहेत ते साठलेल्या कर्बवायूमुळे.

दोन दिवसांनी त्यांना हे सिद्ध करण्याची संधी मिळाली. बारा वर्षांची एक मुलगी होती. चारही हातपाय लुळे, अंगात ताप, रंग निळा पडत चाललेला, आणि घशात साठलेल्या स्रावाने तिचा जीव घुसमटत होता. ती वाचेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. इब्सेन यांच्या सांगण्यावरून तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासनळीत रबरी नळी घातली गेली. पिशवी दाबून हवा आत सोडावी, तर ती इतकी तडफडत होती की हवा आत जाईना. जमलेले डॉक्टर हळूहळू खोलीबाहेर पडू लागले. तेव्हा इब्सेन यांनी तिला गुंगीचे औषध टोचले. तिची तडफड थांबली, तिचा स्वतःचा श्वासही थांबला, आणि मग पिशवीने दिलेली हवा छातीत सुरळीत जाऊ लागली. थोड्या वेळात रंग पालटला, घाम ओसरला, रक्तदाब जागेवर आला. खात्रीसाठी तिला पुन्हा छातीवरच्या यंत्रावर ठेवून पाहिले, तर कर्बवायू वाढून सगळी लक्षणे परत आली. पुन्हा पिशवी हाती घेतली, तेव्हा ती गेली. मुलगी वाचली.

परंतु पिशवी दाबायला रात्रंदिवस हात हवेत, आणि एकाच वेळी सत्तर-सत्तर रोग्यांना ती गरज लागली. तेव्हा वैद्यक शिकणारी मुलेमुली पुढे आली, दंतवैद्यकाचे विद्यार्थीही आले. पाळ्या लावून प्रत्येकाने खाटेशी बसायचे आणि तासन् तास, आठवडे, महिने दुसऱ्याचा श्वास आपल्या हाताने चालवायचा. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे १,६५,००० तास हे काम केले. या रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ८७ वरून लवकरच चाळीसच्या आसपास आले आणि पुढे त्याहीखाली उतरले. नवे औषध सापडले नव्हते, नवे यंत्रही आले नव्हते. एका आकड्याचा खरा अर्थ कळला, आणि त्या अर्थाप्रमाणे वागायला माणसे तयार झाली.

याच साथीत रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. पॉल अ‍ॅस्ट्रुप हे रक्ताची आम्लता मोजीत होते. पुढे त्यांनी व त्यांचे सहकारी सिगार्ड-अँडरसन यांनी रक्तातील अल्काची शिल्लक किंवा तूट एका अंकात सांगण्याची रीत बसविली. हा अंक श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्या दुसऱ्या एका रुग्णालयात अशा रोग्यांसाठी वेगळा विभाग उघडला. १९५५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे डॉ. हॅग्लुंड यांनी केवळ मुलांसाठी असा विभाग सुरू केला, आणि १९६७ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात डॉ. जॉन डाउन्स यांनी. अशा रीतीने बालकांची अतिदक्षता ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा बनली.

दरम्यान दुसरीकडे एक बाई निराळ्याच मार्गाने याच प्रश्नाकडे येत होत्या. न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार याही भूलतज्ज्ञच होत्या. बाळंतपणाच्या खोलीत नुकत्या जन्मलेल्या बाळाकडे कोणी नीट पाहत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. सगळ्यांचे लक्ष आईकडे असे, आणि न रडणारे मूल बाजूला ठेवले जाई. अ‍ॅपगार बाईंनी पाच गोष्टी ठरविल्या: हृदयाचे ठोके, श्वास, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि अंगाचा रंग. जन्मानंतर एका मिनिटाने प्रत्येकीस शून्य, एक वा दोन गुण द्यायचे. १९५३ साली त्यांनी आपला निबंध छापला. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी ज्यांना दोन किंवा त्याहून कमी गुण मिळाले, त्यांच्यातील मृत्यू शेकडा १४ होते. आठ ते दहा गुण मिळविणाऱ्यांत ते हजारात एकाच्या आसपास होते. याचा खरा लाभ निराळाच झाला. गुण द्यायचे म्हणजे बाळाकडे पाहावे लागते, आणि कमी गुण पडले की काहीतरी करावे लागते. न रडणारे मूल बाजूला ठेवून देण्याची सोय उरली नाही.

तरीही धोका ओळखला म्हणजे तो टळला, असे नसते. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. तो सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला होता, आणि वजन २ किलोच्या थोडे वर होते. जन्मताच त्याला धाप लागली. देशातले उत्तम डॉक्टर, उत्तम रुग्णालय, दाबाखालच्या हवेची खास खोली, सगळे हाताशी होते. ३९ तासांनी मूल गेले. हे का घडते, ते १९५९ सालीच डॉ. मेरी एलन एव्हरी व डॉ. मीड यांनी दाखविले होते. फुप्फुसातील बारीक फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून तेथे साबणासारखा एक पदार्थ तयार होतो, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांत तो पुरेसा नसतो. कारण कळले होते, उपाय मात्र हाती नव्हता. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. ग्रेगरी यांनी श्वास सोडतानाही फुप्फुसात थोडा दाब राखण्याची युक्ती काढली आणि अत्यवस्थ अशा २० बाळांपैकी १६ वाचली. १९८० साली जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी तो पदार्थच बाहेरून फुप्फुसात सोडून दाखविला. आज अशा दिवसांचे, अशा वजनाचे मूल चांगल्या रुग्णालयात सहसा दगावत नाही. त्याचे दिवस कमी आहेत हे बदललेले नाही, त्या कमीपणाचा परिणाम बदलला आहे.

आता मोजदादीकडे वळू. अतिदक्षता विभाग गावोगाव निघाले, तेव्हा त्यांतला चांगला कोणता, हे ठरवायचे कसे, असा प्रश्न आला. एका विभागात शंभरापैकी दहा मुले जातात आणि दुसऱ्यात पाच, म्हणून दुसरा चांगला म्हणावा काय? पहिल्याकडे अधिक आजारी मुले येत असतील. म्हणून आजाराची तीव्रता मोजणे भाग पडले. अमेरिकेत डॉ. मरे पोलॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली शरीराच्या ३४ मोजमापांची एक यादी सिद्ध केली आणि १९८८ साली ती १४ वर आणली. रक्तदाब, नाडी, श्वासाचा वेग, शुद्धीची पातळी, बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया, रक्तातील वायू, साखर, पोटॅशियम अशी ती मोजमापे होती. पहिल्या दिवसातील त्यांची सर्वांत वाईट नोंद घ्यावयाची आणि त्यावरून धोका काढावयाचा, अशी ही रीत.

मेलबर्नचे डॉ. फ्रँक शॅन यांनी या रीतीवर एक मार्मिक आक्षेप घेतला. पहिल्या चोवीस तासांतली वाईटातली वाईट नोंद घेतली, तर त्या चोवीस तासांत झालेली हयगयही तिच्यात मिसळते. निष्काळजी विभागात मुलाची प्रकृती ढासळेल, त्यामुळे कागदावर ते मुळातच अत्यवस्थ होते असे दिसेल, आणि वाईट उपचार कठीण रोगाच्या आड लपतील. शिवाय पुष्कळ मुले पहिल्या दिवसातच जातात. तेव्हा हे भविष्य सांगणे नव्हे, घडून गेलेल्याची नोंद करणे झाले. म्हणून शॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मूल दाखल होताच पहिल्या तासात घेता येतील अशी मोजकीच मापे निवडली. बाहुल्या प्रकाशाने आकुंचन पावतात का, रक्तदाब किती, प्राणवायू किती द्यावा लागतो, श्वासाचे यंत्र लागले का, शस्त्रक्रियेनंतर ठरवून आणले की अचानक, आधीचा काही असाध्य रोग आहे का. आणि या यादीत रक्तातील अल्काच्या शिलकेचा किंवा तुटीचा तो कोपनहेगनचा अंकही आहे.

असे माप हाती आल्यावर एक अप्रिय सत्य उघडे पडले. त्याच १९९७ साली इंग्लंडमधील ट्रेंट प्रांत आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्य यांची तुलना प्रसिद्ध झाली. व्हिक्टोरियात अत्यवस्थ मुले मेलबर्नच्या एकाच मोठ्या विभागात येत. ट्रेंटमध्ये ती लहानमोठ्या अनेक रुग्णालयांत विखुरली जात. आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही ट्रेंटच्या मुलांना मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट निघाला. रोग तोच, वय तेच, औषधेही तीच, पण मूल कोठे नेले गेले हाच धोक्याचा एक घटक ठरला. रोज अशी मुले हाताळणारे डॉक्टर व परिचारिका यांचा अनुभव यंत्रांइतकाच मोलाचा असतो. त्यानंतर ब्रिटनमध्ये मुलांचे उपचार थोड्या मोठ्या विभागांत एकवटले गेले आणि लांबच्या रुग्णालयातून मूल आणण्यासाठी खास पथके तयार झाली. तेथील अतिदक्षता विभागांत आज शंभरात चारांहून कमी मुले दगावतात.

येथे कोणी विचारील, हा आकडा आईबापांना सांगावा काय? सांगावा, पण त्याचा अर्थ ओळखून. धोका शेकडा तीस याचा अर्थ अशा शंभर मुलांपैकी तीस जातात एवढाच. समोरच्या खाटेवरचे मूल त्या तिसांतले की सत्तरांतले, हे त्या आकड्याला ठाऊक नसते. विभागाची परीक्षा करण्यासाठी ही मापे जन्मली. एखाद्या मुलावरून हात काढून घेण्यासाठी ती वापरणे म्हणजे पुन्हा सटवीचेच लिखित मानणे होय.

या इतिहासात अभिमानाला धक्का देणारे एक प्रकरण आहे, ते टाळून चालणार नाही. रक्तात जंतूंचा शिरकाव होऊन मुलाचे रक्ताभिसरण कोसळते, हातपाय गार पडतात, तेव्हा शिरेतून भराभर पाणी व मीठ द्यावे, असा नियम रूढ झाला होता. १९९१ साली अमेरिकेतील ३४ मुलांच्या एका अभ्यासात पहिल्या तासात भरपूर द्रव मिळालेली मुले अधिक वाचली होती. तर्कालाही ते पटत होते. मग पूर्व आफ्रिकेत डॉ. कॅथरिन मेटलंड आणि केनिया, युगांडा व टांझानिया येथील डॉक्टरांनी हा नियम कसोटीला लावला. तेथील रुग्णालयांत श्वासाची यंत्रे नव्हती. तीव्र ताप आणि मंद रक्ताभिसरण असलेली ३,१४१ मुले त्यांनी घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटली. दोन गटांना भराभर द्रव दिले, तिसऱ्याला केवळ रोजच्या गरजेपुरते. निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. भराभर द्रव मिळालेल्या गटांत अठ्ठेचाळीस तासांत शेकडा १०.६ आणि १०.५ मुले दगावली, आणि तिसऱ्या गटात शेकडा ७.३. ज्याला आपण जीवनदान समजत होतो, त्याने दर शंभरात तीन मुले जास्त गेली.

हे का झाले? त्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मलेरियाने आजारी होती, आणि सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या अंगात रक्त फारच थोडे होते. अशा शरीरावर एकदम द्रवाचा मारा सोसला नाही, आणि पुष्कळांचे रक्ताभिसरण त्यानेच ढासळले. हगवणीने शोषलेली मुले या अभ्यासात मुद्दाम घेतली नव्हती. त्यांना पाणी आणि मीठ द्यावेच लागते, आणि त्यानेच ती जगतात. या निकालाचा बोध असा की, धोक्याचा घटक शरीरात जसा असतो तसा आजूबाजूच्या परिस्थितीतही असतो. एका देशातल्या सुसज्ज विभागात उपयोगी पडलेला उपाय दुसऱ्या देशातल्या उघड्यावाघड्या दालनात घातक ठरू शकतो. म्हणून प्रत्येक देशाने आपली मुले आपण मोजली पाहिजेत.

आणि येथे आपल्या महाराष्ट्राचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यासाठी डॉ. शॅन यांच्याच आधीच्या कामाकडे वळून पाहू. मेलबर्नला मापे बसविण्यापूर्वी ते पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गोरोका येथे काम करीत होते. तेथे क्षकिरण नाहीत, प्रयोगशाळा नाही. मुलाला साधा खोकला आहे की न्यूमोनिया, हे ओळखायचे कसे? त्यांनी मुलांचे श्वास मोजले. वेगाने चालणारा श्वास आणि आत ओढली जाणारी छाती, एवढ्या दोन खुणांवर औषध कोणाला द्यावे आणि रुग्णालयात कोणाला धाडावे, हे ठरविता येईल असे त्यांनी १९८४ साली मांडले. जागतिक आरोग्य संघटनेनेही असेच नियम केले. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, वर्षाआतील मुलाचा ५० किंवा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तो धोका समजावा.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी हीच मोजणी खेड्यातील झोपडीपर्यंत नेली. ज्या सुईणींना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन रांगा असलेले साधन केले गेले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. गावपातळीवरच्या या उपचारांनी बालमृत्यू घटले, हे त्यांनी १९९० साली दाखवून दिले. पुढचे पाऊल याहून धाडसाचे होते. नवजात बाळाच्या रक्तातील जंतुदोषाला तज्ज्ञ डॉक्टर आणि रुग्णालय हवेच, असा सर्वत्र समज होता. बंग दांपत्याने ३९ गावांतील थोडेबहुत शिकलेल्या बायकांना शिकविले. बाळंतपणाला हजर राहणे, बाळाला ऊब देणे, घरी जाऊन त्याचे वजन व श्वास पाहणे, दूध ओढत नाही, मलूल पडले, अंग गार लागते या खुणा ओळखणे आणि प्रसंगी प्रतिजैविकाची सुई टोचणे, हे सर्व त्या करू लागल्या. १९९९ साली त्यांचे निष्कर्ष छापले गेले. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी शेकडा १६.६ दगावत, आता २.८. तिसऱ्या वर्षी या गावांत हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातील मृत्यू २५.५ होते. जेथे ही व्यवस्था नव्हती त्या शेजारच्या गावांत ते ५९.६ होते.

कोपनहेगनचे विद्यार्थी आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूत बायका यांत मला एक साम्य दिसते. दोघांच्याही हाती फारसे काही नव्हते. दोघांनीही मुलाच्या उशाशी बसून, नेमके काय पाहायचे हे शिकून, ते न चुकता पाहिले. अतिदक्षता या शब्दातला मुख्य भाग दक्षता हाच आहे. यंत्रे तिची जागा घेऊ शकत नाहीत, मदत तेवढी करतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अतिदक्षता विभागातले मूल का दगावते? आजवरच्या मोजदादीतून जी उत्तरे निघाली, त्यांचे दोन भाग पडतात. पहिला भाग खाटेवर दिसतो: शुद्ध हरपणे, रक्तदाब कोसळणे, श्वास यंत्रावर चालवावा लागणे, एकामागून एक इंद्रिये निकामी होत जाणे. जितकी इंद्रिये निकामी, तितका धोका मोठा. या भागाशी झुंजणे डॉक्टरांचे काम आहे. दुसरा भाग मूल दाराशी येण्यापूर्वीच लिहिला जातो. वय फार लहान, जन्मतः वजन कमी, अंगावर मांस नाही, लस टोचलेली नाही, आणि आणायला उशीर. जगातील पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास मृत्यूंशी कुपोषणाचा संबंध आहे. न्यूमोनियाने किंवा हगवणीने गेले, असे दाखल्यावर लिहिले जाते, पण धडधाकट मुलाने जो आजार आठवड्यात झटकला असता, तो हडकुळ्या मुलाला घेऊन जातो.

या दुसऱ्या भागाशी झुंजणे एकट्या डॉक्टरांचे काम नव्हे. ते नगरपालिकेचे, ग्रामपंचायतीचे, रस्ता आणि रुग्णवाहिका पुरविणाऱ्यांचे, आणि आपणा सर्वांचे काम आहे. घरातले मूल दूध किंवा पाणी पिईनासे झाले, सारखे ओकू लागले, झटके आले, हाक मारूनही जागे होईना, धापा टाकू लागले किंवा श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जाऊ लागली, तर उद्या सकाळी पाहू म्हणून थांबू नये. ज्यांना त्या रात्री गाडी मिळत नाही किंवा पैसे जुळत नाहीत, त्यांचे मूल उशिरा पोहोचते, आणि तो उशीर तक्त्यावर कोणत्याही रकान्यात लिहिला जात नाही.

सटवीच्या पाटावर कोरा कागद ठेवण्याची रीत ज्यांना पाळायची आहे त्यांनी खुशाल पाळावी. बाळाचे वजन, त्याच्या लशी, त्याला मिळणारे दूध आणि दवाखान्याची वाट हे मात्र त्या कागदावर आपल्यालाच लिहावे लागणार आहे.